कोणी न लावलेलं काम

त्या सोमवारी ड्रॉइंग ऑफिसचं कुलूप मीच उघडलं, आणि आत पंखा ओरडत होता. छताचा नव्हे, मशीनचा.

शनिवारी दुपारी सगळे प्रोग्रॅम बंद करून मी घरी गेले होते. माऊस हलवला तर समोर रिकामा पडदा, एकही खिडकी उघडी नाही. मशीनच्या पेटीवर हात ठेवला आणि लगेच काढला. इस्त्री बंद केल्यावर थोड्या वेळाने लागते ना, तेवढी ती गरम होती. मग मी कोपऱ्यातला आलेख उघडला. ग्राफिक्स कार्ड: शंभर टक्के कामात. कार्डाची मेमरी: निम्म्याहून जास्त भरलेली.

म्हणजे कार्ड काहीतरी करत होतं. पण ते काम कोणी लावलं होतं?

आमची ओतशाळा पाण्याच्या पंपांची कवचं ओतते. मी भट्टीपासून दोन भिंती पलीकडे, वरच्या मजल्यावर बसते. खाली साच्यात धातूचा खरा रस ओतण्याआधी मी तो मशीनवर ओतते. रस कुठून शिरेल, कुठला भाग आधी थिजेल, धातू आक्रसताना आत कुठे पोकळी राहील, हे सगळं प्रोग्रॅम दाखवतो. ही आकडेमोड इतकी अफाट असते की ती साध्या प्रोसेसरला झेपत नाही. म्हणून साहेबांनी ते महागडं ग्राफिक्स कार्ड आणलं, आणि मशीनवर स्वतःच्या हातानं कागद चिकटवला: ‘हे मशीन बंद करू नये.’ एकदा कोणीतरी ते बंद केलं होतं आणि प्रोग्रॅमचं लायसन्स पुन्हा सुरू व्हायला अख्खा दिवस गेला होता, तेव्हापासूनचा हा फतवा.

ऑफिसात टेबलं दोन आणि मशीन एकच. दुसरं टेबल भावोजींचं.

भावोजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. ते ज्या कंपनीत ड्रॉइंग काढायचे ती दोन वर्षांपूर्वी बंद पडली, तेव्हा मीच साहेबांकडे त्यांचा शब्द टाकला होता. माणूस अबोल, टापटिपीचा. पेन्सिलीसुद्धा लांबीप्रमाणे लावून ठेवणारा. वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, पण इथे मी सांगेन ते त्यांना ऐकावं लागायचं, आणि ते त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. निदान तोवर मला तसं वाटत होतं.

ऑफिसच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे आणि एक त्यांच्याकडे. ते आले तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “भावोजी, शनिवारी मी गेल्यावर तुम्ही मशीनवर बसला होता का?”

त्यांनी डबा कपाटात ठेवला. कपाटाचं दार जरा जास्तच सावकाश लावलं.

“छे. का हो वहिनी?”

“काही नाही. गरम लागलं जरा.”

“हवाच तशी आहे,” ते म्हणाले.

हवा काही तशी नव्हती. ते स्वतः स्वेटर घालून आले होते.

*

एरवी मी ही गोष्ट विसरूनही गेले असते. पण ते दिवस वाईट होते. नव्या कवचाचा पहिला माल ग्राहकाकडे गेला आणि तीन आठवड्यांत त्यातली अकरा कवचं गळायला लागली. साहेबांनी एक कवच करवतीनं उभं चिरून आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. पंपाच्या तोंडाला जिथे पाइप जोडतात, त्या मानेच्या आत वाटाण्याएवढी पोकळी होती.

“तुमच्या मशीनमध्ये ही दिसली नव्हती का?” साहेबांनी विचारलं.

मी रिपोर्ट काढून दाखवला. मान अगदी स्वच्छ होती, निळी, कुठे लाल ठिपकासुद्धा नाही.

साहेबांनी रिपोर्ट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. “ठीक आहे,” एवढंच म्हणाले आणि चिरलेलं कवच तिथेच ठेवून गेले. त्या दिवसापासून मी खालच्या मजल्यावर गेले की मुकादमाचं बोलणं मधेच थांबायचं. माझं आकडे मांडणं म्हणजे थोतांड, असं काही चाललं असावं. कोणी तोंडावर बोललं नाही.

अशात भावोजी खोटं बोलल्यावर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि मग ती काही गप्प बसेना.

मी लक्ष ठेवायला लागले. आधी आम्ही दोघं जेवणाच्या सुट्टीत खाली एकत्र डबा खायचो. आता ते म्हणायला लागले, “तुम्ही व्हा पुढे, मला भूक नाही.” मी खाली मीटिंगला निघाले की विचारायचे, “किती वेळ लागेल वहिनी?” पूर्वी त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी परत आले की ते आपल्या टेबलावर, हातात पेन्सिल, चेहरा अगदी साळसूद. आणि मशीनसमोरची खुर्ची अजून फिरत असायची.

प्रत्येक वेळी आलेख तेच सांगायचा: कोणी नाही, काही नाही, आणि कार्ड शंभर टक्के.

मी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर वेळा लिहून ठेवायला लागले. गुरुवार, बारा पंचवीस ते एक पाच, पंखा मोठा. शुक्रवार, साडेतीनची मीटिंग, परत आले तेव्हा खुर्ची गरम. हो, मी खुर्चीला हात लावून बघत होते. या थराला मी गेले होते. घरी भाजी चिरताना मनात गणितं चालायची. भावोजी बाहेरच्या कोणाचं काम करतात का? दुसऱ्या ओतशाळेचं? की त्याहून वाईट, माझ्या फायलींमध्ये काही फिरवाफिरवी? माझा रिपोर्ट स्वच्छ आणि कवच पोकळ, हे एरवी कसं शक्य होतं? मी गेले तर माझं टेबल कोणाला मिळणार होतं?

एवढं मनात आल्यावर मात्र मीच दचकले. पण विचार आला तो आलाच.

मग एक दिवस मी सापळा लावला. “दाताच्या डॉक्टरकडे जातेय, दोन तास तरी लागतील,” असं सांगून निघाले. गेटपर्यंत गेले, वॉचमनशी त्याच्या गुडघेदुखीबद्दल वीस मिनिटं बोलले, आणि चपला हातात घेऊन जिना चढले. या वयात, या पदावर, चपला हातात.

दार ढकललं. भावोजी मशीनसमोर होते. त्यांची पाठ ताठ झाली, बोटं चटाचट चालली, आणि मी टेबलापर्यंत पोचेपर्यंत पडदा रिकामा झाला होता.

“एवढ्यात आलात?” त्यांनी विचारलं.

“डॉक्टर नव्हते.”

“अरेरे. फार दुखतोय का?”

“कोण?”

“दात.”

“हो, हो. दुखतोय ना,” मी गालावर हात ठेवत म्हणाले. त्यांनी माझ्या दुसऱ्या हातातल्या चपलांकडे पाहिलं. पंखा मात्र गरगरत होता.

*

त्या दिवशी संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. सांगायला नको होतं. तो स्वभावानं सरळ, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

“माझ्या ताईच्या नवऱ्यावर संशय घेतेस तू?” तो म्हणाला.

“मी घेत नाहीये. येतोय.”

“त्यात फरक काय?”

“जे दिसलं ते सांगितलं. कोणाला बोलू नकोस.”

“मी कशाला बोलू!”

रविवारी नणंदबाईंकडे जेवायला गेलो. माझ्या नवऱ्यानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि पाण्याचा पेला उचलता उचलता म्हणाला, “काय भावोजी, हल्ली बाहेरचं काही काम वगैरे घेताय की काय?”

भावोजी ताटातच बघत म्हणाले, “नाही बुवा. कोण म्हणालं?”

“सहज.”

ताईंनी वाढायचा चमचा भांड्यात तसाच ठेवला. आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना काय कळलं आणि किती कळलं, ते मला सांगता येणार नाही. पण त्यांनी मला पुढचं काही वाढलं नाही. मी माझ्या हातानं घेतलं.

आता माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक, साहेबांकडे जायचं. दुसरी, आधी नक्की काय ते बघायचं. पुराव्याशिवाय साहेबांकडे जाण्याइतकी मी बावळट नव्हते. खुर्ची गरम होती, हा काही पुरावा नव्हे.

म्हणून मी पेचकसला बोलावलं.

पेचकस म्हणजे आमची कंप्युटर दुरुस्त करणारी. अंबाड्यात कायम एक छोटा पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, खोचलेला असतो, म्हणून सगळे तिला तेच म्हणतात, आणि तीही फोनवर “पेचकस बोलतेय” असंच सांगते. भावोजी खाली साच्यांची मापं घ्यायला गेले होते, तेवढ्यात ती आली. मी दार लावलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

“हळू कशाला बोलताय?” ती म्हणाली. “मशीनला कान नाहीत.”

तिनं काळी खिडकी उघडली, एक ओळ टाइप केली, आणि पडद्यावर यादी उतरली.

“हे बघा. कार्डावर पाच जण बसलेत.”

“पाच? प्रोग्रॅम तर एकही चालू नाही!”

“मुख्य प्रोग्रॅम चालू नाही. हे त्याच्या हाताखालचे आहेत.” तिनं खुर्ची ओढून घेतली. “तुम्हाला पडद्यावर जी खिडकी दिसते, तो मुकादम समजा. तो स्वतः रस ओतत नाही. तो हाताखाली वेगळे छोटे प्रोग्रॅम सोडतो, आणि ते कार्डाला कामाला लावतात. तुम्ही मुकादमाला नीट सांगून बंद केलंत, म्हणजे ‘फाइल’मध्ये जाऊन ‘बाहेर पडा’ केलंत, तर तो जाताना सगळ्यांना सांगतो, थांबा, जागा रिकामी करा, चला. पण तुम्ही त्याची मान पकडून बाहेर फेकलंत, तर यांना सांगणार कोण?”

“म्हणजे ते चालूच राहतात?”

“हातातलं काम ते पुरं करतात. मग निकाल द्यायला वर बघतात, तर वर कोणी नाही. काही जण नुसती जागा अडवून गप्प बसतात. काही जण मधेच अडकलेले असतात, ते विचारत राहतात, आला का, आला का, आला का. सेकंदाला लाखो वेळा. तुमचा पंखा ओरडतोय तो त्यांच्यामुळे.”

“पण प्रोग्रॅम मेला की कार्ड आपोआप मोकळं होतं, असं मी ऐकलं होतं.”

“जो मेला त्याचं मोकळं होतं. हे मेलेच नाहीत ना. हे मशीन शेवटचं कधी बंद केलं होतं?”

मी कागदाकडे बोट दाखवलं.

“वा,” पेचकस म्हणाली. तिनं आणखी एक आकडा काढला. “त्र्याऐंशी दिवसांपेक्षा जास्त झाले. कारण तुमचा सगळ्यात जुना पाहुणाच त्र्याऐंशी दिवसांचा आहे.”

“ते कोणाच्या नावावर आहेत?” मी विचारलं. मशीनवर आम्हा दोघांची खाती वेगवेगळी आहेत. नाव दिसणार होतं.

तिनं बोटानं मोजलं. “हे तीन फिरणारे तुमच्या भावोजींच्या नावावर. सगळे गेल्या तीन आठवड्यांतले.”

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं.

“आणि हे दोन, जुने, गप्प बसलेले,” ती पुढे म्हणाली, “ते तुमच्या नावावर.”

“माझ्या?”

“त्र्याऐंशी दिवसांपूर्वी, दुपारी चार पन्नास.”

मला ती वेळ आठवली. मुलीच्या शाळेत पालकांची सभा होती आणि मला पाचला पोचायचं होतं. खिडकी गोठली होती, ‘प्रतिसाद देत नाही’ असं सारखं येत होतं. मी कामांची यादी उघडून तिला तिथूनच संपवलं आणि पळाले. दुसऱ्यांदाही असंच काहीतरी असणार. ती खिडकी गोठली की मी नेहमी तसंच करायचे. सगळेच करतात.

पेचकस अजून यादीत डोकं घालून होती. “तुमच्या प्रोग्रॅमला जाळीची घरं किती बारीक घ्यायची, हे तुम्ही सांगता की तो ठरवतो?”

“तोच ठरवतो,” मी म्हणाले आणि फायलींच्या कपाटाकडे वळले.

आमचा प्रोग्रॅम कवचाचे बारीक बारीक घन करतो, आम्ही त्यांना जाळीची घरं म्हणतो. घर जितकं लहान, तितकी लहान पोकळी सापडते. आणि तिथे एक खूण करायची सोय असते, ‘मेमरीप्रमाणे आपोआप ठरवा’. ती खूण पहिल्या दिवसापासून होती. रिकामं कार्ड असलं की घरं दोन मिलिमीटरची यायची. रिपोर्टच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या पानावर, तळाला, बारीक अक्षरात तो आकडा छापलेला असतो. सातवं पान कोण बघतं?

मी फाइल काढली आणि गळक्या कवचाच्या रिपोर्टचं सातवं पान उघडलं.

सात मिलिमीटर.

वाटाण्याएवढी पोकळी तेवढ्या मोठ्या घरांच्या सरासरीत विरघळून गेली होती. माझ्या दोन विसरलेल्या पाहुण्यांनी जागा अडवली, प्रोग्रॅमनं उरलेल्या जागेत भागवलं, आणि मला निळी स्वच्छ मान दाखवली. त्यानं मला फसवलं नव्हतं. किती बारीक बघितलं, हे त्यानं छापून दिलं होतं.

तेवढ्यात दार उघडलं. भावोजी आत आले, हातात मोजपट्टी. त्यांनी पेचकसला पाहिलं, पडद्यावरची यादी पाहिली, त्यातलं आपलं नाव पाहिलं, आणि दार आतून लावून घेतलं.

*

“सांगा भावोजी,” मी म्हणाले. “आता तरी सांगा.”

ते उभेच राहिले. मोजपट्टी उघडत, मिटत.

“साहेबांनी सांगितलं होतं,” ते म्हणाले. “कवचं परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाले, तुमच्या वहिनींची डिझाइन्स तुम्ही गुपचूप पुन्हा चालवून बघा. त्यांना कळू देऊ नका.”

“आणि तुम्ही हो म्हणालात.”

“हो म्हणालो.”

“माझ्यावर पाळत ठेवायला.”

“नाही म्हणालो असतो तर त्यांनी बाहेरच्या कोणाला तरी आणून बसवलं असतं. म्हटलं, आपल्यातलाच कोणी बघतोय तर बरं.”

“आपल्यातलाच!” मी म्हणाले. आवाज फाटला. “मला विचारायचं होतंत ना. ‘वहिनी, साहेब असं म्हणतायत,’ एवढं एक वाक्य.”

“तुम्ही मला विचारलंत का?” ते म्हणाले. तेही हळूच. “चपला हातात घेऊन यायच्या आधी?”

पेचकसनं अंबाड्यातला पेचकस काढला, पुसला, आणि परत खोचला. तिला तिथून जावंसं वाटत असणार, पण तिची खुर्ची आम्हा दोघांच्या मधे होती.

“मी यायला लागले की तुम्ही ते मधेच मारून टाकायचात,” मी म्हणाले.

“तुमची पावलं ऐकू आली की. शनिवारी वॉचमनची वाजली, तीही तुमचीच वाटली. बंद करायला तो ‘खात्री आहे का’ वगैरे विचारत बसतो, तेवढा वेळ नसायचा.”

“आणि काय दिसलं? माझ्या डिझाइनमध्ये?”

“काही नाही. काम तीनदाच लावलं, बाकी वेळा नुसते आकडे भरले; मारायच्या आधी मानेचा रिपोर्ट निघालेला असायचा, तिन्ही वेळा स्वच्छ आला.” त्यांनी मोजपट्टी टेबलावर ठेवली. “तिन्ही वेळा मी साहेबांना जाऊन सांगितलं, वहिनींचं बरोबर आहे, चूक भट्टीवर शोधा. त्यांनी भट्टीवरच्या दोघांना त्यासाठी झापलंसुद्धा.”

मी यावर विश्वास ठेवला का? लगेच नाही. त्यांच्या फायली उघडायला लावल्या आणि तारखा माझ्या वहीच्या मागच्या पानाशी ताडून पाहिल्या. ते बाजूला उभे राहून बघत होते, त्यांनाही ते पान दिसलं, ‘खुर्ची गरम’ हे शब्दही दिसले. तीन फायली, तिन्ही माझ्याच कवचाच्या. सातवं पान तिन्हींचं सारखंच: सात, साडेसात, आठ. त्यांच्या घाईनं प्रत्येक वेळी एक पाहुणा वाढला होता आणि पुढच्या वेळी आणखी कमी दिसलं होतं.

पेचकसनं पाचही जणांना एकेक करून संपवलं. पाचवा गेला आणि पंखा हळूहळू खाली आला. गेल्या तीन आठवड्यांत त्या खोलीत एवढी शांतता नव्हती. मी ती ‘आपोआप’ची खूण काढली, घर दोन मिलिमीटर असं हातानं लिहिलं, आणि काम लावलं. पेचकस तिची पिशवी घेऊन गेली.

दीड तास आम्ही दोघं तिथेच बसलो. भावोजी आपल्या टेबलावर, मी माझ्या. एकदा त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, मी नको म्हटलं. एकदा मी म्हणाले, “स्वेटर घालून आलात आणि हवा गरम आहे म्हणालात.” ते म्हणाले, “मला खोटं बोलायची सवय नाही.”

मग रस भरला, थिजला, आणि निळ्या मानेच्या आत एक लाल ठिपका उमटला. नेमका तिथे, जिथे साहेबांची करवत चालली होती.

*

साहेबांकडे आम्ही दोघं गेलो. भावोजींनीच बोलायला सुरुवात केली. “साहेब, दोष मशीनचा निघाला. आधीची कामं कार्डावर अडकून राहत होती, त्यामुळे—”

“कोणाची कामं?”

“आमची. दोघांची.”

“पहिलं कोणाचं?”

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. जिन्यात ते मला म्हणाले होते, पहिलं कोणाचं हे सांगायची गरज नाही, आता काय फरक पडतो. आणि खरंच, त्या क्षणी मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. साहेबांना यादीही वाचता आली नसती, आणि ती आता पुसलीही गेली होती. पण खालच्या भट्टीवरच्या दोघांनी विनाकारण बोलणी खाल्ली होती.

“माझं,” मी म्हणाले. “भट्टीची काही चूक नाही. मी घाईत प्रोग्रॅम मारला, आणि रिपोर्टचं शेवटचं पान पाहिलं नाही.”

साहेबांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग भावोजींना म्हणाले, “जरा मुकादमाला वर बोलावता का?”

भावोजी बाहेर पडले. दार लागलं. साहेब पुढे वाकले आणि एकदम मायेनं म्हणाले, “तुम्ही स्वतःहून सांगितलंत, बरं केलंत. मी लक्षात ठेवीन. एक करा, आता तुमच्या भावोजींवर जरा नजर ठेवा. तीन आठवडे तुमच्यापासून लपवून काम केलं, माणूस वाटतो तितका सरळ नाही. त्यांना कळू देऊ नका मात्र.”

मला आधी हसूच आलं. मग हसू गेलं. तीन आठवड्यांपूर्वी याच खुर्चीत बसून, याच आवाजात, हेच ते भावोजींना म्हणाले असणार. आणि मला तेही समजलं, की या आवाजाला नाही म्हणणं किती अवघड असतं. माझ्या ओठांवर ‘हो साहेब’ आलं होतं.

मी उठले, दार उघडलं. भावोजी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होते.

“भावोजी, आधी आत या. साहेबांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय.”

ते परत आले. आम्ही दोघं टेबलासमोर उभे राहिलो.

“साहेब, आत्ता मला म्हणालात ते यांच्यासमोर म्हणा,” मी म्हणाले.

साहेबांनी पेपरवेट उचलला, दुसरीकडे ठेवला. “मी म्हणत होतो,” ते म्हणाले, “की दोघांनी मिळून लक्ष ठेवा. मशीनवर.”

“ठेवतो,” भावोजी म्हणाले.

खाली उतरताना त्यांनी विचारलं, “खरं काय म्हणाले हो?”

“तुम्हाला जे म्हणाले होते तेच.”

ते तीन-चार पायऱ्या उतरले. मग नाकातून हसल्यासारखा आवाज आला. तेवढंच.

मानेचा रायझर, म्हणजे आक्रसणाऱ्या धातूला वरून रस पुरवणारा साठा, आम्ही मोठा केला. नवं कवच ओतून मुकादमानं ते स्वतः चिरलं. मान भरीव निघाली. भट्टीवरच्या दोघांपाशी जाऊन मी माफी मागितली. एकानं मान हलवली, दुसरा म्हणाला, “आम्हाला सवय आहे बाई.” मशीनवरचा कागद आता निघाला आहे, दर शनिवारी आम्ही ते रीतसर बंद करतो, आणि प्रत्येक रिपोर्टच्या सातव्या पानावर दोघांच्या सह्या असतात.

राहिल्या ताई. दोन रविवार आम्हाला बोलावणं आलं नाही. तिसऱ्या रविवारी मी एकटीच गेले. त्या भाज्या निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं: मुकादम, त्याच्या हाताखालचे, मान पकडून फेकणं, मागे राहिलेले, जाळीची घरं, साहेब. चांगली वीस मिनिटं बोलत होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मशीनचं मला कळत नाही,” त्या म्हणाल्या. “तुला माझ्या नवऱ्याचा संशय आला, एवढं कळलं. आला होता ना?”

नाही म्हणायला मला पुष्कळ कारणं होती. ती सगळी मी मघाशी सांगून झाले होते.

“हो ताई,” मी म्हणाले. “आला होता.”

त्यांनी मान खाली घालून दोन शेंगा सोलल्या. मग भाजीचं ताट अर्धं माझ्याकडे सरकवलं, आणि आम्ही दोघी निवडत बसलो.